बनामायच्या वाट्या

थंडी पडली की मला राग येतो.

जळगावात माणसं थंडीची वाट बघत असतात. भरताची हिरवी वांगी बाजारात येतात, मळ्यामळ्यांतून तुरीच्या काड्यांवर ती भाजल्याचा वास येतो, लोक एकमेकांना जेवायला बोलावतात. मीही जाते, खाते, हसते. पण पहिली गार सकाळ उजाडली, अंगावर शाल ओढली, की छातीत काहीतरी पेटतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला इतका राग बरा नव्हे, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना काय सांगायचं? हा राग माझ्या रक्तदाबाहून जुना आहे.

यंदा निमित्त झालं सूनबाईचं. नेहा माझी गुणी पोर. नोकरी सांभाळून सगळ्यांच्या तब्येती बघते. त्या सकाळी तिनं माझ्यासमोर एक खोलगट वाटी ठेवली. आत ओट्स शिजवलेले. वर केळ्याच्या चकत्या, भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, गुळाचा चुरा.

"आई, नुसते ओट्स अगदी बेचव लागतात हो. पण वरून असं साधंसुधं काही घातलं ना, की बघा कसे लागतात!"

मी वाटीकडे बघत राहिले. "हे कुठं शिकलीस?"

"मोबाइलवर एक बाई दाखवते. आधी कोरडे भाजून घ्यायचे, मग शिजवायचे. तिनंच शोधून काढलंय सगळं."

मी चमचा असा ठेवला की वाटीतलं टेबलावर सांडलं.

"तिनं नाही शोधलं."

"मग कोणी?"

मी उठून गच्चीत गेले. नेहा मागून म्हणत होती, "आई, नको असेल तर पोहे करू का?" बिचारीला वाटलं, सासू ओट्सवर रागावली. तिला त्या दिवशी देता आलं नाही ते उत्तर इथं लिहिते.

छप्पन-सत्तावन सालचा तो हिवाळा. मी सतरा वर्षांची. आमचं गाव सावद्याच्या बाजूला, वडिलांची केळीची बाग. गावात मुलींना चौथीनंतर शिकवायची रीत नव्हती. मी भांडून, रडून सातवी झाले आणि मग धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले. वडील मला पोचवायला आले होते. चाळीसगावला गाडी बदलताना बाकावर ट्रंक ठेवून म्हणाले, "इंदू, दोन वरसं शिक. पण मधीच परत आली, त मंग लगीन. मले तवा काही सांगू नको." त्यांनी धमकी नव्हती दिली, कायदा सांगितला होता. ते वाक्य मी उशीखाली ठेवून दोन वर्षं झोपले.

वसतिगृहात आम्ही बत्तीस मुली. पांझरा नदीच्या अलीकडे एक लांबट कौलारू इमारत, पुढं कडुनिंब, मागं स्वयंपाकघर. सगळ्यांवर देखरेख मोठ्या बाईंची. मोठ्या बाई पुण्याच्या. बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेल्या. जाडंभरडं पांढरं लुगडं, पायांत साध्या वहाणा, चेहऱ्यावर कधी हसू नाही नि कधी थकवाही नाही. लग्न केलेलं नव्हतं, घर नव्हतं, मुलींना शिकवायचं एवढंच व्रत. अशा माणसावर रागावणं फार कठीण असतं. म्हणून तो राग साठत जातो.

आणि स्वयंपाकाला बनाबाई. आम्ही सगळ्या तिला बनामाय म्हणायचो. चाळिशीची, काटक, कपाळावर गोंदण, एका कानाची पाळी तुटलेली. साक्रीकडची. बोलणं सगळं अहिराणी. मोठ्या बाईंनी तिला शुद्ध बोलायला शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि महिन्याभरानं दोघींनीही तो सोडून दिला होता.

आमची न्याहारी तोवर साधी असे. रात्रीची उरलेली भाकरी दह्यात कुस्करून, वर मिठाचा खडा नि लसणाची चटणी. थंडीत ती गार भाकरी खाताना दात शिवशिवत, पण ती आमची होती, घरची चव होती.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर स्वयंपाकघराच्या पडवीत पत्र्याच्या डब्यांची चळत लागलेली. परदेशातल्या कुठल्याशा मंडळानं गरीब मुलींसाठी मदत म्हणून ओट पाठवले होते. मोठ्या बाईंनी आम्हाला रांगेत बसवून सांगितलं, "उद्यापासून भाकरी बंद. यात पौष्टिक काय काय आहे ते मी वाचलंय. पाण्यात शिजवायचं, चिमूटभर मीठ घालायचं. बास. अन्न शरीरासाठी खायचं असतं, जिभेसाठी नव्हे. चव ही चैन आहे."

दुसऱ्या दिवशी ताटलीत जे पडलं ते मी आजही वर्णू शकते. पुस्तकांना कव्हरं चिकटवायला आम्ही खळ करायचो, तिचा रंग, तिचा वास, तिचाच चिकटपणा. वर साय धरलेली, खाली गुठळ्या. तोंडात घेतलं की पुढं जाईना, मागं येईना. पोरींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, विलायती कोंडा.

माझ्या शेजारी मथुरा बसायची. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावरची, तिच्या पाड्यातली शिकणारी पहिली मुलगी. मुळात हाडांची मोळी. तिनं तीन घास गिळले आणि बाहेर जाऊन ओकली. परत आली तर मोठ्या बाई ताटलीशी उभ्या. "मथुरा, बस. ताटली रिकामी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही." मथुरा बसली. खाल्लं. पुन्हा ओकली.

मोठ्या बाई स्वतः तेच खायच्या. आमच्यासमोर, आमच्याच ताटलीत, मीठ घालून, चेहरा न हलवता. त्यांचं हेच मला आजतागायत माफ करता येत नाही. खोटारड्या असत्या, आपल्या खोलीत शिरा करून खात असत्या, तर सोपं गेलं असतं. पण आपल्याला सोसतं ते जगाला सोसलंच पाहिजे असं मानणाऱ्या खऱ्या माणसापुढं तुम्ही करणार काय?

महिन्याच्या शेवटी आमची वजनं व्हायची. मदत पाठवणाऱ्यांना ती कळवायची होती. त्यासाठी धान्याच्या वखारीतून काटा आणलेला. पोती चढतात तशा आम्ही त्याच्यावर एकेक चढायचो नि उतरायचो. नोव्हेंबर अखेरीस सगळ्यांची वजनं उतरली. मथुरा तर भर वर्गात चक्कर येऊन पडली.

त्या दुपारी बनामायनं तिला स्वयंपाकघरात नेलं. मी सोबत होते. बनामायनं चुलीवर कढई ठेवली, डब्यातले मूठभर ओट कोरडेच टाकले आणि उलथण्यानं हलवत राहिली.

"बाई म्हनतस, पानीमा टाका नि उकाया," ती आपल्याशीच बोलत होती. "हाई भुंजेल नही, ते वास मारीच. कोन्ही कच्चं धान उकायी खास का?"

न भाजता उकळलं तर वास मारणारच, असं तिचं म्हणणं. हळूहळू वास बदलला. खळीचा वास गेला. शेतात हुरडा भाजतात तसा काहीसा गोडसर वास स्वयंपाकघरभर झाला. मग तिनं पळीभर तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची टाकली, वर ते भाजलेले ओट, बेताचं पाणी, मीठ. उतरवताना दाण्याचं कूट. मथुरापुढं ताटली ठेवून म्हणाली, "खाय व पोरी. तोंड मानत नही, ते पोट कसं मानी?"

मथुरानं एक घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग मान वर न करता सगळं खाल्लं आणि ताटली बोटानं पुसून घेतली. बनामाय तिच्याकडे न बघता चुलीतला जाळ सारखा करत बसली होती. आज एवढ्या वर्षांनी वाटतं, अन्नाला चव आणणं म्हणजे माणसाला माणूस समजणं. जनावराला आपण वैरण टाकतो. माणसाला विचारतो, मीठ हवंय का आणखी.

दुसऱ्या दिवसापासून बनामायनं युक्ती केली. सकाळी प्रार्थनेनंतर मोठ्या बाई अर्धा तास ट्रेनिंग कॉलेजच्या कचेरीत जायच्या. न्याहारी त्याच वेळी उरकायची; त्यांची ताटली तेवढी पाणी-मिठाचीच करून झाकून ठेवायची. चुलीशेजारी एका पाटावर तिनं सात वाट्या मांडल्या. एकीत दाण्याचं कूट, एकीत किसलेला गूळ, एकीत भाजलेले तीळ, एकीत जवसाची चटणी, एकीत लसूण-मिरचीचा ठेचा. सहावीत माझ्या घरची केळी. वडील ओळखीच्या माणसाबरोबर फण्या पाठवायचे, थंडीत त्या पिकता पिकत नसत, म्हणून बनामाय त्या चुलीमागच्या उबेला कापडात गुंडाळून ठेवायची. सातवीत ज्या दिवशी जे मिळेल ते. कधी बोरं, कधी सुकं खोबरं, कधी नुसता लिंबाचा रस. कुणाचे शेंगदाणे घरून यायचे, कुणाच्या आईनं तीळ बांधून दिलेले असायचे. आम्ही आपणहून आणून द्यायचो.

"ज्याले जे गोड लागस ते घाला व पोरीसहोन," बनामाय म्हणायची.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला विचारत होतं, तुला काय आवडतं. घरी ताटात पडेल ते खाल्लं होतं, भाऊ नि वडील उठल्यावर. इथं सात वाट्यांपुढं उभं राहून मी दोन-दोन मिनिटं विचार करायची. गूळ घालू की ठेचा? मुली बावरायच्या, हसायच्या, एकमेकींच्या ताटलीत डोकावायच्या. मला कळलं की मला तिखटाबरोबर केळं आवडतं. हे कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं, पण ते माझं होतं, मीच शोधलेलं होतं. मथुरा सगळ्या वाट्यांतलं थोडं थोडं घ्यायची. म्हणायची, "निवडायचं कशाला? उद्या नसलं तर?"

डिसेंबर अखेरीस वजनं चढली. मथुरा सहा आठवड्यांत पहिल्यांदा पळताना दिसली. मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर समाधानानं सांगितलं, "बघा, शिस्तीचं फळ." आम्ही खाली मान घालून हसलो. खरं काय ते तेव्हाच सांगितलं नाही, ते मला पुढं फार महाग पडलं.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस मोठ्या बाई कचेरीतून लवकर परतल्या. आम्ही पाटाभोवती घोळका करून उभ्या होतो. दारातून आवाज आला, "हे काय चाललंय?"

त्यांनी वाट्या पाहिल्या. कोपऱ्यातली शेंगदाण्याची पिशवी पाहिली, तिळाची पुरचुंडी, गुळाची ढेप, कापडातली केळी.

"बनाबाई, हे सामान कुणाचं?"

"पोरीसनं शे, बाई."

"मुलींच्या घरून आलेलं सामान तुझ्या कोपऱ्यात कसं? मुलींकडून वस्तू काढून घेतेस? चव लावून चटावलंस त्यांना आणि वर चोरी?"

बनामायचा चेहरा आधी कोराच राहिला. त्या शब्दाचा आपल्याशी संबंध आहे हे तिला कळायला वेळ लागला असावा. मग ती आमच्याकडे वळली.

मोठ्या बाईंनी आम्हाला तिथंच रांगेत उभं केलं. "कुणी आपण होऊन हिला सामान दिलं असेल, तर तिनं हात वर करावा. पण लक्षात ठेवा, वसतिगृहाचा नियम मोडणाऱ्या मुलीला इथं जागा नाही."

बत्तीस मुली. सगळ्यांनी दिलं होतं. माझी तर केळी त्या क्षणी समोर दिसत होती. मला माझा हात आठवतो. मांडीशी चिकटलेला, घामट, जड. उशीखालचं वडिलांचं वाक्य कानात वाजत होतं. परत आली, त मंग लगीन. मथुराच्या हाताची बोटं माझ्या शेजारी हलली, उचलल्यासारखी झाली. मी तिचा हात घट्ट धरला. आधार द्यायला धरला नव्हता. खाली ठेवायला धरला होता.

एकही हात वर आला नाही.

बनामायनं पदर खोचला, आपली पितळी तपेली उचलली आणि मागच्या दारानं निघून गेली. वाट्या तशाच राहिल्या.

माणसाला सगळ्यात मोठा राग कुणाचा येतो, असा प्रश्न कधीतरी कुठल्याशा सभेत कुणीतरी विचारला होता. लोक अन्याय करणाऱ्याचा म्हणाले, फसवणाऱ्याचा म्हणाले. मला माझ्या उजव्या हाताचा येतो.

नवी स्वयंपाकीण आली. पुन्हा पाणी, पुन्हा मीठ, पुन्हा खळ. मोठ्या बाई आता न्याहारीला ठाण मांडून बसत. दहा-बारा दिवसांत पोरींचे गाल बसले. त्यातच पत्र आलं की मदत देणाऱ्या मंडळाचे पाहुणे महिनाअखेरीस भेट देणार, मुली ते ओट कसे खातात हे त्यांना बघायचंय.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"इंदिरा, ती बाई ते कसं करायची, ठाऊक आहे तुला?"

"हो."

"लिहून काढ. नवीन बाईला समजावून दे. पाहुण्यांसमोर मुलींनी नीट खाल्लं पाहिजे. आणि तुझा आवाज स्वच्छ आहे, कार्यक्रमात कृती तू वाचून दाखवायची."

मला वाटलं, आता तरी त्या बनामायचं नाव काढतील. मी थांबले. त्या म्हणाल्या, "जा."

मी लिहिलं. कोरडं भाजा, मंद जाळ ठेवा, खरपूस वास आला की पाणी घाला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. बनामायला अक्षरओळख नव्हती. तिचं सगळं हातात होतं आणि मी ते कागदावर काढून दुसऱ्याच्या हातात दिलं.

पाहुणे आले. एक उंच गोरे गृहस्थ नि त्यांची बायको, सोबत मुंबईहून आलेले एक दुभाषे गृहस्थ, कोटात. पडवीत सतरंज्या, दाराला आंब्याचं तोरण. पाटावर सात वाट्या, त्याच, घासून लखलखीत केलेल्या. गोऱ्या बाईनं गूळ-केळं घालून खाल्लं, डोळे मिटले, काहीतरी बोलली. दुभाष्यांनी सांगितलं, "बाईसाहेब म्हणतात, फारच चविष्ट. ही कल्पना कुणाची?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "आमच्या वसतिगृहाचा हा छोटासा प्रयोग आहे."

मग मला उभं केलं. मी कागद उघडला. कृती वाचली. आवाज खरंच स्वच्छ होता माझा. शेवटची ओळ संपली. कागदावर पुढं काही नव्हतं. मी कागद दुमडला आणि म्हणाले, "हे सगळं बनाबाईनं केलं. ती इथं स्वयंपाक करायची. सामान आम्ही बत्तीस जणींनी दिलं होतं, तिनं चोरलं नव्हतं. तरी तिला चोर म्हणून काढून टाकलं. आम्ही गप्प बसलो."

गोऱ्या पाहुण्यांनी दुभाष्यांकडे पाहिलं. दुभाष्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. कोटाचं बटण चाचपलं, हसले आणि इंग्रजीत दोनच वाक्यं बोलले.

पाहुण्यांचे चेहरे उजळले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. गोरी बाई उठून आली, माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं इंग्रजी बेतासबात, पण एवढं कळण्यापुरतं होतं. दुभाष्यांनी सांगितलं होतं की ही मुलगी सगळ्यांच्या वतीनं तुमचे आभार मानते.

मी ओरडायला हवं होतं का? कुठल्या भाषेत? माझं खरं बोलणं माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी गोड करून वाढलं होतं, आणि खाणारे तृप्त झाले होते. पुढं आयुष्यभर सभांमधून, कचेऱ्यांमधून, लग्नघरांमधून मी तो गृहस्थ पाहिला. नाव वेगळं, कोट वेगळा. बायकांच्या तोंडचं खरं तो हसत हसत बदलून देतो.

पाहुणे गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं, आता ट्रंक भरायला सांगतील. त्या म्हणाल्या, "असभ्यपणा केलास. नशीब, त्यांना कळलं नाही. जा, अभ्यास कर. परीक्षा जवळ आली आहे."

एवढंच. शिक्षा केली असती तर मी शांत झाले असते.

दुसऱ्या सकाळी पुन्हा नुसतं पाणी-मीठ. पाहुणे गेले, वाट्या गेल्या. ताटली समोर आली आणि मी हात मांडीवर ठेवले.

"इंदिरा, खा."

"बनामाय आल्याशिवाय नाही."

माझ्या शेजारून मथुरानं आपली ताटली पुढं सरकवली. मग पलीकडचीनं. ताटल्या जमिनीवर घासल्याचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत जात राहिला. दुपारीही कुणी जेवलं नाही. संध्याकाळी मोठ्या बाई पडवीत येऊन म्हणाल्या, "उपास मी तुमच्यापेक्षा पुष्कळ केलेत. तुरुंगात केलेत." मथुरा, जी कधी त्यांच्यासमोर तोंड उघडत नसे, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मग तुम्हाला माहीत आहे, बाई, लोक कधी करतात ते."

त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापाशी आल्या. "तिचं घर ठाऊक आहे? चल."

पांझरेच्या काठानं आम्ही दोघी चाललो. त्या पुढं, मी मागं. ऊन कोवळं होतं, वाळूत धुणी वाळत होती, माझ्या पोटात दीड दिवसाची आग आणि मनात आनंद मावत नव्हता. आपण जिंकलो असं वाटत होतं.

बनामाय झोपडीपुढं तूर पाखडत होती. आम्हाला पाहून उठली नाही. सूप खाली ठेवलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "बनाबाई, उद्यापासून कामावर ये. वाट्या ठेवायला माझी हरकत नाही."

"मी काय चोरं, ते पहिले सांगा, बाई."

"झालं गेलं. चोरलं नाहीस, मला कळलं."

"तुम्हले कळनं, बरं. पन चोर म्हनात ते बठ्ठ्या पोरीसमोर. आते तठेच सांगा, पोरीसमोर, का बनी चोर नही. मंग मी आज येस."

मोठ्या बाई तशाच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इंग्रज शिपायांपुढं न झुकलेली ती मान, एका स्वयंपाकिणीपुढं झुकावी म्हणून मी देवाचा धावा करत होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्या खरंच प्रयत्न करत होत्या असं मला आज वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

"वसतिगृहाची शिस्त..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

"मंग मी काही येस नही," बनामाय म्हणाली आणि सूप उचललं.

आम्ही पांझरेच्या काठानं परत फिरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेलो तर पाटावर वाट्या मांडलेल्या. कूट, गूळ, तीळ, चटणी, ठेचा, केळी, खोबरं. नव्या बाईनं ओट भाजून घेतले होते, मी लिहून दिलं होतं अगदी तसे. मोठ्या बाई म्हणाल्या, "हे आता रोज मिळेल. बनाबाईला मी बोलावलं होतं. तिनं यायचं नाकारलं."

त्यात खोटं काही नव्हतं. मला उठून सांगता आलं असतं की तिनं का नाकारलं. पण समोर ताटली होती, वाफ येत होती, फोडणीचा वास नाकातून थेट पोटात उतरत होता. रांगेच्या टोकाला कुणीतरी पहिला घास घेतला. मग दुसरीनं. मथुरा माझ्याकडे बघत होती. मी काय करते त्यावर ती करणार होती.

मी खाल्लं.

आणि ते चविष्ट लागलं. अगदी बनामायच्या हातचं लागलं. हीच तर संतापाची गोष्ट. अन्नाला नाव-गाव नसतं, ते कुणाच्याही हातून गोड लागतं. माणूस निघून जातो, कृती राहते. मग कुणीतरी म्हणतं, आमचा प्रयोग. कुणीतरी म्हणतं, तिनंच शोधून काढलंय.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गावी जायच्या दिवशी मी बनामायकडे गेले. ती तेव्हा जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जात असे, केसांत, भुवयांत पांढरी रुई अडकलेली. मी दारात उभी राहिले.

"बस व माय," ती म्हणाली. "पेपर कसा ग्यात?"

"बरे गेले." मग एकदम बोलून टाकलं. "बनामाय, त्या दिवशी मी हात वर केला नाही. मथुरा करत होती, तर मी तिचाही धरून ठेवला."

"देखं मी."

"आणि तू आली नाहीस, तरी आम्ही खाल्लं. सगळ्यांनी. मी पण."

मला वाटलं, ती शिव्या देईल. त्या मला हव्याच होत्या. तिनं भुवईवरची रुई बोटानं काढली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर माया नव्हती. क्षमाही नव्हती. एखाद्या कामाच्या माणसाला काम समजावून सांगावं तशी ती म्हणाली,

"खादं ते बेस कयं. भुक्या पोटे राग टिकत नही. राग धराना व्हई, ते दोन घास जास्ती खावाना."

मग तिनं भाकरी काढली, वर ठेचा ठेवला आणि माझ्यापुढं सरकवली. मी तिच्यासमोर बसून ती सगळी खाल्ली.